सम कोठें चुकली?

पांझरेच्या तीरावरील आमच्या देवपुरांत कीर्तनाचा षोक अद्यापि पुरता मावळलेला नाहीं. धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिर आहे म्हणून म्हणा, किंवा जुन्या पिढीची संवय म्हणून म्हणा, माघ वद्य नवमीस आमच्या गल्लींतील लहानशा मारुतिमंदिरांत नारदीय कीर्तन होतें, आणि पन्नास-साठ माणसें मांडी घालून तें अडीच तास ऐकतात. दोन वर्षांपूर्वींच्या दासनवमीस जें कीर्तन झालें त्याच्या ध्वनिमुद्रणावरून एका निरपराध माणसास विनाकारण मनस्ताप भोगावा लागला, आणि साठी उलटल्यावर आम्हांस एक नवा धडा घ्यावा लागला. तो धडा घड्याळांविषयींचा आहे. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि पुढील आयुष्य गेलें तें मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकवून घेण्यांत. तथापि जें समजलें तें आमच्यासारख्याच इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सांगतों.

कीर्तनकार बुवा त्या वेळीं ब्याऐंशी वर्षांचे होते. ह्यापुढें उभें राहून कीर्तन करणें आपल्याच्यानें होणार नाहीं, असें त्यांनीं आधींच सांगून टाकिलें होतें. साहजिकच तें कीर्तन मुद्रित करून ठेवावें असें सर्वांच्या मनांत आलें. आमच्या पुतण्याचा मुलगा पुण्यास इंजिनियरिंग कॉलेजांत शिकतो. तो त्या वेळीं घरीं आला होता. त्याच्याजवळ मुठींत मावतील अशीं दोन डिजिटल ध्वनिमुद्रक यंत्रें होतीं. बुवा कीर्तनांत पुढेंमागें फिरत, क्वचित् नाचतहि. त्यांच्या पायांत वायर येऊं नये म्हणून एक यंत्र त्यांच्या कमरेस उपरण्याखालीं बांधलें, आणि त्याचा बारीक मायक्रोफोन अंगरख्यास लाविला. दुसरें यंत्र तबला व पेटी ह्यांच्या मध्यें ठेविलें. दोन्ही सुरू केलीं, देवापुढील घंटा वाजली आणि कीर्तनास आरंभ झाला.

घंटेचा तो पहिला टोल दोन्ही यंत्रांत उमटला होता. नातवानें संगणकावर ते दोन टोल एकावर एक बसविले, पहिलीं दहा मिनिटें ऐकून पाहिलीं, सर्व ठीक आहे अशी खात्री करून घेतली, आणि दोन्ही मुद्रणें एकत्र करून तो पुण्यास परत गेला. पुढें वैशाखांत बुवा निवर्तले. दिवसवार आटोपल्यावर त्यांच्या घरीं आम्ही सर्व मंडळी तें कीर्तन ऐकण्यास जमलों.

पूर्वरंग उत्तम गेला. बुवांचा तो खणखणीत आवाज ऐकून घरच्या माणसांचे डोळे भरून आले. परंतु उत्तररंगांत आख्यान रंगूं लागलें तसें कांहींतरी खटकूं लागलें. तबल्याचा प्रत्येक बोल दुहेरी ऐकूं येई. एक अंधुक, एक ठळक. आणि ठळक बोल हळूहळू मागें पडत चाललेला. शेवटच्या गजरांत तर बुवांची झांज समेवर पडे आणि तबल्याची थाप तिच्या मागून येई. त्या वेळीं कोणी बोललें नाहीं, पण निघतांना एक गृहस्थ हलक्या आवाजांत म्हणालेच, "वय झालें, हात मागें पडतो." तबलजी दाराशींच उभे होते. ते आम्हांस म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्षें बुवांच्या मागें बसलों. त्या रात्रीं तुम्ही अगदीं समोर होतां. मी सम सोडली काय?" आम्हीं "नाहीं" म्हटलें, परंतु तें म्हणतांना आमचा स्वर डळमळला, आणि तें त्यांनीं ओळखलें. त्या दिवसापासून त्यांनीं तबल्याची गवसणी काढली नाहीं.

येथें आमचा अपराध कबूल केला पाहिजे. कीर्तनाच्या रात्रीं आमच्या कानांस कसलीहि चूक जाणवली नव्हती. तरी माणूस चुकतो व यंत्र चुकत नाहीं, ह्या समजुतीमुळें आम्हीं आपल्या कानांचा आणि एका जुन्या स्नेह्याच्या शब्दाचा भरंवसा सोडला. वास्तविक त्या दोन यंत्रांपैकीं एकहि खोटें बोललें नव्हतें. दोघांनींहि आपापल्या परीनें खरी साक्ष दिली होती; मात्र दोघांचीं घड्याळें निराळीं होतीं, आणि तें विचारण्याचें आम्हां कोणासच सुचलें नाहीं.

दिवाळींत नातू आला तेव्हां त्यास हा प्रकार सांगितला. तो अगदीं वरमला. त्यानें प्रथम बुवांच्या यंत्रांतील मुद्रण एकटेंच लाविलें. तबलजी बुवांपासून तीन-साडेतीन मीटरांवर बसले असल्यामुळें त्यांचा तबलाहि त्या यंत्रांत उमटला होता. अंधुक, परंतु ऐकूं येण्याजोगा. शेवटच्या गजरांत त्या अंधुक तबल्याची सम झांजेबरोबर बिनचूक पडत होती! एकाच यंत्रानें, एकाच घड्याळावर, दोन्ही वाद्यें ऐकलीं होतीं. तेव्हां ही साक्ष निर्णायक. "आजोबा, चूक तबलजींची नाहीं, माझी आहे," असें म्हणून त्यानें संगणक पुढें ओढला, आणि ज्यांनीं आयुष्यभर शिकविण्याचा धंदा केला त्यांची शिकवणी सुरू झाली.

शितावरून भाताची परीक्षा करितात, हें गृहिणींस सांगणें नको. डिजिटल यंत्र आवाजाची परीक्षा तशीच करितें. मात्र तें शितें फार घेतें. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची जलद हालचाल. मायक्रोफोन तिचें विजेच्या हालचालींत रूपांतर करितो, आणि यंत्र ठराविक अंतरानें ती वीज मोजून तिचा आंकडा लिहून ठेवितें. अशा एका मोजणीस नमुना म्हणतात. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं सेकंदास ४४,१०० नमुने ठरविण्यांत आले. चित्रपट व दूरचित्रवाणी ह्यांच्या कामीं ४८,००० घेण्याचा प्रघात आहे. आमचीं दोन्ही यंत्रें ४८,००० वर लाविलेलीं होतीं.

आतां प्रश्न असा कीं, 'मोज, आतां मोज' असें यंत्रास एका सेकंदांत ४८,००० वेळां सांगतो कोण? हें काम क्वार्ट्झच्या एका चिमुकल्या स्फटिकाचें आहे. अशा स्फटिकावर दाब दिला असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हें फ्रान्सांत क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलटपक्षीं त्यास वीज दिली तर तो ठराविक वेगानें कंप पावतो. आणि ह्या गुणाच्या आधारें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत वॉरन मॅरिसन ह्यांनीं १९२७ सालीं स्फटिकाचें घड्याळ सिद्ध केलें. आज आपल्या मनगटावरच्या घड्याळांत, मोबाइलांत, संगणकांत, सर्वत्र हाच स्फटिक नांदत आहे. परंतु एका पोटच्या दोन भावांचेहि स्वभाव सारखे नसतात, तसे दोन स्फटिकहि तंतोतंत सारखे निपजत नाहींत. कापतांना केसाहून कमी फरक राहतो, उष्णतेनें कंप बदलतो, वयोमानानेंहि बदलतो. दहा लाखांत वीस भागांची चूक असेल तर घड्याळ आठवड्यास सुमारें बारा सेकंद मागेंपुढें होतें. आणि असें घड्याळ आपण मोठ्या अभिमानानें चार लोकांस दाखवितों.

मग एवढ्याशा चुकीनें कीर्तनाचा ताल कसा बिघडावा? ह्याचें मर्म असें आहे कीं, नमुन्यावर वेळ लिहिलेली नसते. त्याचा केवळ अनुक्रम असतो. पहिला, दुसरा, तिसरा, असे आंकडे ओळीनें लिहिलेले असतात, आणि ऐकविणारा संगणक प्रत्येक ४८,००० आंकड्यांस एक सेकंद धरून चालतो. मुद्रणाच्या वेळीं ते ४८,००० आंकडे खरोखर एका सेकंदांत लिहिले गेले, कीं किंचित् आधीं उरकले, ह्याची त्यास वार्ता नसते. आमचें कीर्तन अडीच तासांचें, म्हणजे ९,००० सेकंदांचें. हिशेबानें नमुने झाले ४३ कोटि २० लक्ष. पहिल्या घंटेपासून आरतीच्या शेवटच्या घंटेपर्यंत मोजून पाहतां तबल्याच्या यंत्रांत बुवांच्या यंत्रापेक्षां १७,२८० नमुने अधिक भरले! प्रमाण काढलें तर दहा लाखांस केवळ चाळीस; परंतु वेळ काढला तर ०.३६ सेकंद.

ह्यांत एक गंमत आहे. तबल्याकडील स्फटिक जलद चालत होता; म्हणून तेवढ्याच वेळांत त्यानें आंकडे अधिक लिहिले; आणि ते अधिक आंकडे नेहमींच्या वेगानें वाचावयास वेळ अधिक लागला. म्हणजे जें घड्याळ पुढें धांवत होतें, त्याचाच तबला ऐकतांना मागें पडला. आतां गजराची लय मिनिटास सुमारें १६० मात्रांची होती, अर्थात् एक मात्रा ०.३७५ सेकंदाची. तबला ०.३६ सेकंदानें, म्हणजे जवळजवळ पुऱ्या एका मात्रेनें सरकला. थाप मात्रेच्या आसपास पडत असल्यामुळें ऐकणारास वाटे कीं लय सांभाळली आहे, पण समेची जागा चुकली आहे. तबलजीच्या लौकिकास ह्याहून मोठा डाग कोणता?

दोन घड्याळांचें जुळणें दोन प्रकारचें असतें, हें येथें ध्यानांत घ्यावें. आकाशवाणीच्या ठोक्यांवर दोन घड्याळें एकाच क्षणीं लाविलीं म्हणजे त्यांची वेळ जुळली. त्यामुळें त्यांची गति जुळत नाहीं. नातवानें पहिल्या टोलावर वेळ जुळविली व गति जुळलीच असेल असें धरून चालला. पहिल्या दहा मिनिटांत चूक होती सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या आंत. ती कानास कशी कळणार? वेळेंतील अंतर स्थिर असलें तर उपद्रव देत नाहीं. तबल्याचा आवाज हवेंतून बुवांपर्यंत पोहोंचण्यास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतच होता. तो आरंभींहि लागला आणि शेवटींहि लागला. गतींतील अंतर मात्र व्याजासारखें आहे; आपण झोपलों तरी तें वाढत राहतें.

निदान झालें, आतां उपचार. गतींतील चूक प्रमाणबद्ध असल्यास तिच्यावर उपाय आपल्या पूर्वजांस ठाऊक असलेलें त्रैराशिक. २५,००० नमुन्यांमागें एक नमुना अधिक झाला आहे, तर अमुक ठिकाणीं किती अधिक झाले असतील? मात्र जास्तीचे नमुने नुसते उपटून टाकितां येत नाहींत. तसें केल्यास तेथें टकटक असा आवाज होतो. संगणक सर्व आंकड्यांमधून जाणारी लहर कल्पून तिच्यावर नवीं, किंचित् विरळ अंतरें आंखतो आणि सर्व आंकडे नव्यानें काढतो. नातवानें आणखीहि एक दक्षता घेतली. मध्यंतरींच्या नामजपाच्या वेळचा झांजेचा एक स्वच्छ ठोका दोन्ही मुद्रणांत हुडकून त्यानें तेथील फरक मोजला. हिशेबानें तो ८,६४० यावयास हवा होता. आला ८,५०० च्या सुमारास. बुवांच्या अंगाच्या उबेनें त्यांच्याकडील स्फटिकाची चाल हळूहळू बदलली असावी, असा त्याचा तर्क. ही तफावत सेकंदाच्या तीन सहस्रांशांएवढी, म्हणजे कानास न कळणारी. तरी त्यानें पूर्वरंग व उत्तररंग ह्यांचें त्रैराशिक निराळें मांडलें. आम्हांस त्याचें कौतुक वाटलें.

त्रैराशिकाचें नांव निघाल्यावर खानदेशच्या माणसास भास्कराचार्यांची आठवण न होईल तर नवल. चाळीसगांवाजवळील पाटण येथें शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव ह्यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिल्याचा उल्लेख त्यांत आहे. आणि ज्या 'लीलावती'ंत आचार्यांनीं त्रैराशिक शिकविलें तिच्या नांवामागची आख्यायिका घड्याळ बिघडल्याचीच आहे. लीलावतीच्या विवाहाचा एकच मुहूर्त होता. तो साधण्यासाठीं पाण्यांत घटिकापात्र सोडलें होतें. मुलगी कौतुकानें वांकून पाहूं लागली, तों तिच्या अंगावरील एक मोतीं पात्रांत पडून भोंक बुजलें, आणि पात्र बुडण्याची वाट पाहतां पाहतां मुहूर्त टळला. ही कथा अकबराच्या दरबारांतील फैजीनें १५८७ सालीं केलेल्या फार्सी भाषांतरांतून प्रसृत झाली. ती इतिहास म्हणून सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या मांडवांत दुसरें घटिकापात्र असतें तर पहिलें अडलें हें तत्काळ उमगलें असतें, आणि आमच्याकडे दोन घड्याळें असूनहि आम्हीं त्यांची गांठ घालून दिली नाहीं, एवढें मात्र मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

दुरुस्त केलेलें मुद्रण आम्हीं प्रथम तबलजींच्या घरीं नेलें. ते नको म्हणत होते. त्यांच्या सौभाग्यवतींनींच आग्रह केला. शेवटचा गजर लाविला. बोल आतां दुहेरी नव्हते. झांज आणि थाप एका क्षणीं पडली तेव्हां त्यांनीं डोळे मिटून मान हलविली, जशी ते कीर्तनांत हलवीत. मग म्हणाले, "मास्तर, हें त्या दिवशीं जे जे होते त्या सर्वांस ऐकवा." आम्हीं तसें केलें, आणि त्या हलक्या आवाजांत बोलणाऱ्या गृहस्थांस नातवानें १७,२८० चा हिशेब कागदावर मांडून दाखविला. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं १९२६ सालीं धुळ्यास देह ठेविला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आमच्या गांवांत आहे. तेथें जाणारास ठाऊक असतें कीं, एका पत्रावर शक असतो, दुसऱ्यावर सुहूर सन, तिसऱ्यावर हिजरी; आणि जंत्रीनें सर्व तारखा एका कालगणनेवर आणल्यावांचून कोणतें पत्र आधींचें व कोणतें नंतरचें, हें कोणी सांगूं धजत नाहीं. आम्हीं तें पथ्य कागदाच्या बाबतींत पाळत आलों आणि माणसाच्या बाबतींत विसरलों.

आतां पुढील प्रश्न. चूक होऊं देऊन मागाहून सुधारण्यापेक्षां ती मुळांतच होऊं न देण्याचा उपाय आहे काय? आहे; आणि तो जगानें पूर्वींच दुसऱ्या एका कामीं योजिलेला आहे. आगगाडी येण्यापूर्वीं प्रत्येक गांवाची वेळ त्याच्या माथ्यावरील सूर्यावर चाले. सूर्याप्रमाणें धुळ्याचें घड्याळ आजच्या भारतीय वेळेच्या सुमारें एकतीस मिनिटें मागें असावयास हवें; म्हणूनच देवपुरांत मध्यान्हीचा सूर्य माथ्यावर येतो तेव्हां घड्याळांत साडेबाराच्या सुमारास वेळ झालेली असते. १९०० सालीं चाळीसगांव-धुळें लोहमार्ग सुरू झाला, आणि १९०६ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून सर्व देशासाठीं एक वेळ ठरली. मुंबईकर मात्र रुसले. एकोणचाळीस मिनिटें मागें असलेला 'मुंबई टाइम' तेथें १९५५ पर्यंत कांहीं ठिकाणीं चालू होता. कोणा एकाचें घड्याळ प्रमाण मानल्यावांचून दोन गाड्यांची भेट एका स्टेशनावर घडत नाहीं, हें मात्र सर्वांस पटलें. आज तो मान दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील सीझियम ह्या धातूच्या अणूंवर चालणाऱ्या घड्याळांस आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच ह्या अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांचा काळ अशी आहे.

ध्वनिमुद्रणांत हेंच तत्त्व 'वर्ड क्लॉक' ह्या नांवानें चालतें. येथें 'वर्ड' म्हणजे बोलण्यांतला शब्द नव्हे. संगणकाच्या भाषेंत एका नमुन्याच्या आंकड्यास ती संज्ञा आहे. अनेक यंत्रांपैकीं एकास प्रमुख नेमावयाचें; त्यानें आपल्या स्फटिकाचे ठोके, सेकंदास ४८,०००, एका तारेनें इतरांकडे पाठवावयाचे; आणि इतरांनीं आपापल्या स्फटिकाचा हट्ट सोडून त्या ठोक्यांवर मोजणी करावयाची. अनुयायी यंत्रांत एक विद्युन्मंडल असतें. आलेला ठोका व आपला ठोका ह्यांतील अंतर तें सतत पाहतें आणि आपण मागें राहिलों तर किंचित् जलद, पुढें गेलों तर किंचित् मंद होतें. चांगला टाळकरी बुवांकडे नजर ठेवून असतो, तसेंच हें. मोठ्या स्टुडिओंत सर्व यंत्रांची अशी गांठ घालावी लागते. १९९१ सालीं ध्वनि-अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें त्याचे नियमहि मानकरूपानें प्रसिद्ध केले.

पथ्यें थोडीं, पण कडक आहेत. प्रमुख एकच असावा. दोन यंत्रें स्वतःस प्रमुख समजूं लागलीं म्हणजे तार जोडलेली असूनहि नसल्यासारखी; आणि ह्याची सूचना तेथल्या तेथें मिळेलच असें नाहीं. तार ह्या कामासाठीं केलेली, ७५ ओहमची असावी, व तिच्या शेवटच्या टोंकास तितक्याच ओहमचा रोध असावा. नाहींपेक्षां विहिरींत हांक मारल्याप्रमाणें ठोका टोंकावर आपटून परत येतो आणि खरा ठोका कोणता ह्याचा घोटाळा होतो. प्रमुखाची चाल स्थिर असावी. त्याचे ठोके कांपरे असतील तर तें कांपरेपण सर्वांच्या मोजणींत उतरतें. जेथें तार नेणें शक्य नसतें, जसें सिनेमाच्या चित्रीकरणांत, तेथें उष्णतेचा परिणाम न होऊं देणारे विशेष स्फटिक घातलेल्या लहान पेट्या प्रत्येक यंत्रास लावितात. चांगल्या पेट्या चोवीस तासांत चित्रपटाच्या एका चौकटीपेक्षां, म्हणजे सेकंदाच्या सुमारें पंचविसाव्या भागापेक्षां, अधिक चुकत नाहींत.

ही युक्ति केवळ गाण्याबजावण्याची आहे असें कोणी समजूं नये. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें आकाशांतील रेडिओलहरी ऐकणारी महाकाय दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या ह्या दुर्बिणींत प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या विस्तारांत पसरलेल्या आहेत. तीस कानांनीं ऐकलेलें एकत्र करून एकच चित्र बनवावयाचें, तर तिसांची लय एक हवी. म्हणून मध्यवर्ती ठिकाणाहून एक प्रमाण-लहर कांचेच्या तंतूंमधून प्रत्येक तबकडीकडे पाठविलेली असते. मारुतीच्या देवळांतील आमचें दुखणें आणि खोडदच्या माळरानावरील काळजी ह्यांची जात एकच आहे.

आतां आमच्या वाचकांस चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून लेख आटोपतों. घरोघर वृद्ध मंडळी आहेत. कोणास जात्यावरच्या ओव्या येतात, कोणास संथा घेतलेलें वेदपठण येतें, कोणी मंगळागौरीचीं गाणीं म्हणतें. तीं मुद्रित करावींच, आणि हें काम उद्यांवर टाकूं नये. शक्य तों सर्व मायक्रोफोन एकाच यंत्रास जोडावे. एक यंत्र म्हणजे एक घड्याळ, मग तंटाच नाहीं. दोन यंत्रें लागलींच तर दोन्हींवर नमुन्यांची संख्या एकच ठेवावी, आणि घड्याळाची तार जोडण्याची सोय असल्यास ती जोडावी. ती सोय नसेल तर आरंभीं, मध्यें आणि शेवटीं दोन्ही यंत्रांजवळ एक-एक मोठी टाळी वाजवावी. ह्या तीन टाळ्यांस पैसा पडत नाहीं. परंतु मागाहून त्रैराशिक मांडणारास त्या रत्नांच्या मोलाच्या वाटतात. मुद्रण तपासतांना पहिलीं दहा मिनिटें ऐकून समाधान मानूं नये. शेवटचीं दहा ऐकावीं. आणि जोडलेली प्रत तयार झाली तरी मूळ मुद्रणें पुसूं नयेत. आम्हीं तीं ठेविलीं होतीं, म्हणून एका माणसाची अब्रू परत मिळाली.

गेल्या दासनवमीस बुवांचे चिरंजीव कीर्तनास उभे राहिले. नातवानें मित्राकडून तारेची सोय असलेलीं दोन यंत्रें मागून आणलीं होतीं. एकास तबल्याचे दोन मायक्रोफोन. दुसऱ्यास पेटीचा एक, आणि बुवांच्या चिरंजीवांच्या अंगरख्यावरील बिनतारी मायक्रोफोनाचा एक. दोहोंच्या मध्यें हातभर लांबीची काळी तार. कीर्तनापूर्वीं तबलजी चष्मा सांवरून ती तार निरखीत होते. "एवढीच काय ती?" त्यांनीं विचारलें. नातू म्हणाला, "एवढीच, आजोबा. आतां दोघेहि एकाच्याच तालांत मोजतील."

रात्रीं आरती झाल्यावर पहिल्या व शेवटच्या घंटेमधील नमुने मोजले. दोन्ही यंत्रांचे आंकडे सारखे होते. एकाचाहि फरक नव्हता. आम्हीं तें तबलजींस सांगावयास गेलों, तों ते देवापुढें बसून तबल्यास गवसणी घालीत होते. आंकडा त्यांनीं ऐकून घेतला, आणि पुढच्या वर्षीं कीर्तन किती वाजतां ठेवावयाचें तें विचारलें.